सहावा पट्टा

रात्री अकराला शेवटच्या बातम्या संपत,
खालच्या गावांतले पडदे एकेक करून विझत,
मग लॅपलँडचं ते टेकाड आमचं.
मी, टाउनो, आणि दाराबाहेर वजा एकतीस.

केबिनमधला मॉनिटर तेवढा जागा ठेवायचा.
त्यावर उभ्या रेघांचे सहा पट्टे:
पहिल्यात कुंपणाच्या फळ्या,
दुसऱ्यात काठ्या, तिसऱ्यात विणायच्या सुया,
मग कंगव्याचे दात,
मग दाट, अजून दाट,
आणि सहाव्यात, पाच मेगाहर्ट्झला,
नजर अडखळते, घसरते.

टाउनो शिकवायचा: पट्टा राखाडी दिसला
म्हणजे काळं कुठं गेलेलं नसतं, पांढरंही नाही.
दोघं तिथंच असतात, खांद्याला खांदा लावून.
यंत्राला तेवढ्या भराभर
हो-नाही, हो-नाही म्हणता येत नाही, एवढंच.

त्या हिवाळ्यात त्याचं एकच पालुपद:
पाणी कुठंतरी मुरतंय. सहावा गेला बघ.
चष्मा कपाळावर ढकलून, नाक काचेला टेकवून,
डोळ्यांत तेल घालून बघायचा,
आणि तो बारका पितळी स्क्रू पाव वळसा पिळायचा.
मला सहावा दिसत होता.
पण मी नवीन होते, आणि तो एकोणीस वर्षं त्या टेकाडावर.
नोंदवहीत लिहायचे: दुरुस्त. पाव वळसा.

जानेवारीत तळ्यापलीकडून हिल्काबाईंचा फोन.
रेनडिअरच्या कातड्याचे जोडे शिवायच्या त्या,
टाका चुकला की त्यांना अंधारातही कळायचा.
"काय हो, त्या बातम्यावाल्याच्या खांद्याला
कुणी चुन्याची रेघ मारलीय का?
मंत्र्यांच्या टकलालाही आहे."

मी हसले.
फोन ठेवल्यावर हसू टिकलं नाही.

त्या रात्री टाउनो जनरेटर बघायला बाहेर गेला
आणि मी ऑसिलोस्कोपची वायर जोडली.
हिरव्या उजेडात सहा ठोकळे उभे राहिले.
सगळे एका उंचीचे हवेत.
पाच होते. सहावा
स्टुलावर चढलेल्या पोरासारखा
बाकीच्यांच्या डोक्यांवरून बघत होता.

नोंदवही मागे चाळत गेले.
अकरा नोंदी. पावणेतीन वळसे.
अकरा वेळा आम्ही त्याचा मोतीबिंदू
ट्रान्समीटरमधून दुरुस्त केला होता,
आणि चार खोऱ्यांतली स्वच्छ डोळ्यांची पोरंसोरं
प्रत्येक माणसाला, घोड्याला, झाडाला
पांढरी कड असते असं समजून बसली होती,
गिरवून गिरवून जाड झालेल्या अक्षरांसारखी.

तो आत आला, बुटांचा बर्फ झटकत.
स्कोप चालूच होता. मी बंद करायला विसरले,
की विसरले नाही,
इतक्या वर्षांनी मलाच सांगता येत नाही.
तो बराच वेळ सहाव्या ठोकळ्याकडे बघत राहिला.
तेवढं जाड हिरवं त्याला नीट दिसत होतं.
मग थर्मास उघडून दोन झाकणांत कॉफी ओतली,
एक झाकण भरून टेबलावर वाहिलं,
ते आम्ही दोघांनीही पुसलं नाही.

"स्क्रू मागं घे," म्हणाला. "मी सांगतो तेव्हा थांब."
मी पेचकस लावला.
मागून आवाज आला, जरा उशिरानं:
"नको. तुला दिसेल तेव्हा थांब."

मार्चमध्ये तो ओउलूच्या इस्पितळात गेला,
आणि परत आला तो खालच्या कचेरीत, कागदांवर.

हिल्काबाईंचा मात्र दुसऱ्याच दिवशी फोन आला होता.
रेघ गेली, म्हणाल्या, आभारी आहे.
मग रेंगाळल्या.
"पण खरं सांगू का, त्या रेघेनं
माणूस जरा जवळ बसल्यासारखा वाटायचा."